ट्रेलर टेंट आणि वारा: पेम्ब्रोकशरला जातोय, ऑनिंग लावावं का?

चाफेकळी | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. शुक्रवारी मुलांची हाफ टर्मची सुट्टी सुरू होतेय आणि आम्ही स्विंडनहून वेल्समधल्या पेम्ब्रोकशरला निघतोय. सेंट डेव्हिड्सच्या अलीकडे, कड्यावरच्या शेतातली साधी साइट आहे. हिवाळ्यात सेकंडहँड ट्रेलर टेंट घेतला, त्याची ही पहिली खरी सहल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गाडीमागे ओढायचा बुटका डबा. झाकण उलटून जमिनीवर टेकलं की तीच आतली जमीन होते, दोन्ही अंगांना पलंग बाहेर सरकतात, वर सुती कॅनव्हास उभा राहतो आणि पुढे झिपने भलंमोठं ऑनिंग, म्हणजे कापडी ओसरी, जोडायचं. घरामागे लावून पाहिलाय, पण तिथे तीन बाजूंनी कुंपण आहे. वाऱ्याचं नाव नाही.

आता अंदाज बघा. शनिवार दुपारपासून नैर्ऋत्येचा वारा, सरासरी ताशी २५ मैल, झोत ४० पर्यंत. रविवारी पहाटे झोत ४५. मेट ऑफिसने (इथलं हवामान खातं) इशारा काही दिलेला नाही.

ऑनिंग लावावं का? तोंड कुठे करावं? डब्याबरोबर आलेले पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) म्हणजे जाडसर तारच आहे, ते चालतील का? आणि जावं का हाही प्रश्न आहेच. आम्ही चौघं आणि सासूबाई. त्या साताऱ्याहून आल्यात. नवऱ्याचं म्हणणं, डबा साडेचारशे किलोचा आहे, कुठे उडतोय! सासूबाईंचं म्हणणं, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही लावल्या, आम्हाला वाऱ्याचं काय सांगता.

---

शेवगा | मंगळवार, रात्री ९:३०

सासूबाईंना माझा दंडवत. सल्ला काही नाही, धागा वाचतोय. (आम्ही हॉटेलवाले.)

---

नाखवा | मंगळवार, रात्री १०:०५

चाफेकळी, तुमचे यजमान अर्धं बरोबर बोलतायत. डबा उडत नाही. उडतं ते कापड, आणि त्यातही ऑनिंग.

जरा आकडे मांडतो, नोकरी बोटीवर गेली म्हणून खोड आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऑनिंगची समोरची भिंत साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच धरा, म्हणजे ७ चौरस मीटर. वारा २० मैलांचा असेल तर तिच्यावर साधारण ३५ किलोचा रेटा येतो. ४० मैलांच्या झोताला तोच १४० किलो होतो. वेग दुप्पट, रेटा चौपट. ४५ ला पावणेदोनशेच्या पुढे. हा सगळा भार तुमच्या त्या तारेच्या पेगांनी आणि ॲल्युमिनियमच्या पोकळ पोलांनी पेलायचा.

वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफोर्टच्या मोजपट्टीत १९ ते २४ मैल म्हणजे ५, २५ ते ३१ म्हणजे ६, ३२ ते ३८ म्हणजे ७, आणि ३९ पासून ८, त्याला गेल म्हणतात. माझा स्वतःचा नियम असा: सरासरी ५ पर्यंत ऑनिंग राहू दे. ६ दिसायला लागला की उतरवायचं. झोत ८ चे असतील तर लावूच नये. नुसता डबा आणि वरचं मुख्य कापड नीट बांधलेलं असेल तर तुमचा अंदाज निभावून जाईल.

आणि अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. शेताच्या खोलगट कोपऱ्यात तो कमी लागेल. कड्याच्या धारेवर मात्र खालून वर चढणारी हवा वेग घेते, तिथे अंदाजापेक्षा जास्तही लागेल. साइटवर पोचल्यावर समुद्र दिसणारी जागा मागू नका. सगळे तीच मागतात.

---

चाफेकळी | मंगळवार, रात्री १०:२०

समुद्र दिसणारी जागा आधीच मागून ठेवलीय, नाखवाकाका 🙈 उद्या फोन करून बदलते.

---

हेल्मवारा | बुधवार, सकाळी ७:४८

मी उत्तर इंग्लंडात पेनरिथजवळ राहते, तेव्हा वाऱ्यावर बोलायचा थोडा हक्क आहे. आमच्याकडच्या वाऱ्याला चक्क नाव आहे. क्रॉस फेल हे ८९३ मीटरचं पेनाइन्स डोंगररांगेतलं सगळ्यात उंच शिखर. ईशान्येचा वारा ते ओलांडून आमच्या ईडन खोऱ्यात उतरतो तो हेल्म विंड. डोंगरमाथ्यावर ढगाची लांब पट्टी बसलेली असते आणि खाली घरांची कौलं वाजत असतात. १९३० च्या दशकात हवामानतज्ज्ञ गॉर्डन मॅन्ले यांनी डोंगरावर खोपटं टाकून या वाऱ्याचा अभ्यास केला. सांगायचा मुद्दा इतकाच, की डोंगराच्या पायथ्याशी आडोसा मिळतोच असं नाही. कधी कधी वारा वरून खाली आपटतो.

आता कामाचं. भिंतीच्या आडोशाला लावू नका, झुडपांच्या कुंपणाच्या आडोशाला लावा. भरीव भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करतो. झुडपातून थोडा गाळून येतो, म्हणून मागे बऱ्याच अंतरापर्यंत शांत राहतं, ढोबळमानाने कुंपणाच्या उंचीच्या दहापट. पेम्ब्रोकशरमध्ये शेतांच्या कडेला दगडमातीचे बांध आणि त्यावर झुडपं असतात, ती जागा उत्तम. मोठ्या झाडाखाली मात्र नको. मे महिन्यात पानं भरलेली असतात, वारा फांदीला धरूनच ओढतो.

---

डाइकवरचा_बंडू | बुधवार, सकाळी ९:१५

हॉलंडवरून राम राम. इथे दर दुसऱ्या घरात फाउवागन, म्हणजे तुमचा ट्रेलर टेंटच. झीलंडच्या किनाऱ्यावर सपाट जमीन, आडोसा शून्य, वारा बारमाही. त्यामुळे हे लोक काय करतात ते बघून शिकलो.

१) पेग बदला. तार फेकून द्या. कड्यावर माती पातळ आणि खाली खडक असणार, तिथे जाड पोलादी खिळ्यासारखे रॉक पेग लागतात. वाळूत त्यांचा उपयोग नाही, तिथे रुंद पातीचे.
२) कापडाच्या कडेचे छोटे पेग आणि दोरांचे मोठे पेग हे दोन वेगळे हिशेब. कडेचे सगळे ठोका. तळाची पट्टी जमिनीला चिकटलेली हवी. खालून वारा शिरला की तंबू वर उचलला जातो.
३) दोर शिवणीच्या रेषेतच पुढे न्यायचा. तिरका नेला की शिवणीवर पीळ पडतो आणि फाटतं तिथेच.
४) कोपऱ्याला एकाऐवजी दोन दोर, दोन वेगळ्या पेगांना.

बाहेर सरकणाऱ्या पलंगांखाली मोकळी जागा असते ना, ती झाकणारी झालर पक्की करा. ती सुटली की रात्रभर खालून धडधड. मोठ्या माणसांनी वाऱ्याकडच्या पलंगावर झोपायचं, वजन म्हणून.

---

टोकदार | बुधवार, सकाळी ११:४०

सल्ले ठीक आहेत, पण २०व्या शतकात अडकलेले. हवा भरायचं ऑनिंग घ्या. पोल वाकायचा प्रश्नच नाही, झोत आला की लवतं आणि परत उभं राहतं. सुती कॅनव्हास ओला झाला की मणाचं ओझं. पॉलिस्टर घ्या, झटकून वाळवा, विषय संपला.

---

डाइकवरचा_बंडू | बुधवार, दुपारी १२:०५

टोकदार, तुमचं ऑनिंग लवतं आणि परत उभं राहतं हे मान्य. पण पेग उपटले गेले की लवलेलंच शेजारच्या शेतात जातं. दाब कापडाच्या क्षेत्रफळावर येतो, आत हवा आहे की धातू हे वाऱ्याला कळत नाही. आणि चाफेकळीबाईंचा डबा जुना आहे, त्या कंपनीच्या झिपला नवं ऑनिंग बसेल याची खात्री काय?

पॉलिस्टर वाऱ्यात फडफडतं. रात्री झोप लागत नाही. कॅनव्हास जड आहे म्हणूनच शांत आहे.

---

टोकदार | बुधवार, दुपारी १२:२२

झोपेचं म्हणाल तर इअरप्लग दीड पौंडाला मिळतात.

---

नाखवा | बुधवार, दुपारी १:१०

कापडावरून भांडू नका, दोन्हींत माणसं मजेत राहतात. ताण किती द्यायचा ते मात्र कापडावर ठरतं. सुती कापड भिजलं की आवळतं, पूर्वीचे सुती दोरही आवळायचे. म्हणून जुनी माणसं संध्याकाळी दोर सैल करायला सांगत. आजचे दोर नायलॉनचे असतील तर उलट, भिजले की थोडे लांबतात. तुमच्याकडे वर कॅनव्हास आणि खाली नायलॉन अशी जोडी असणार. तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर एक फेरी मारायचीच. झोळ दिसला तर ताणा. फडफड हाच शत्रू, कारण फडफडताना प्रत्येक हिसक्याला पेग थोडा थोडा हलतो, भोक मोठं होतं आणि मग एकदम सुटतो.

पेग उभा की तिरका यावर लोक हातघाईवर येतात. डोकं तंबूपासून दूर झुकवून ठोका, आणि मुळापर्यंत ठोका. अर्धा बाहेर राहिलेला पेग कुठल्याही कोनात निरुपयोगी.

स्टॉर्म स्ट्रॅप (तंबूवरून जमिनीला बांधायचे पट्टे) घेतलात तर ज्याच्या टोकाला स्प्रिंग आहे तोच घ्या. झोताचा हिसका स्प्रिंग पिते.

---

कोकणचो_झील | बुधवार, दुपारी २:००

आमच्याकडे एकच नियम: वारो सुटलो काय पयलो मांडव सोडूचो, मगे चाय. ऑनिंग म्हणजे मांडवच की ओ.

---

निलगिरी | बुधवार, दुपारी ३:३५

सिडनीहून लिहितेय, इथे रात्र झाली. दिशेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून आले. आमच्याकडे उन्हाळ्यात सदर्ली बस्टर येतो. दिवसभर वायव्येचा भाजणारा वारा, आणि मग काही मिनिटांत दक्षिणेचा, तापमान दहा-पंधरा अंशांनी खाली. ज्या बाजूला सगळे दोर घट्ट बांधलेत ती बाजू एकदम आडोशाची होते आणि मोकळं दार वाऱ्याच्या तोंडी येतं.

तुमच्याकडे तितकं नाट्यमय नसेल, पण 'रविवारी पहाटे ४५' या अंदाजात दिशा काय दिलीय ते तासातासाचं बघून घ्या.

---

नाखवा | बुधवार, दुपारी ३:५०

निलगिरी, शाब्बास, हे माझ्याकडून राहून गेलं होतं. शीत आघाडी (पुढे सरकणाऱ्या गार हवेची कड) जाते तेव्हा इथेही वारा नैर्ऋत्येकडून पश्चिमेकडे आणि पुढे वायव्येकडे फिरतो. आघाडीच्या ओळीवर सगळ्यात वाईट झोत, जोराची सर, मग आभाळ स्वच्छ आणि गार झोंबरा वायव्य वारा. म्हणजे शनिवारी नैर्ऋत्येचा बांध पाठीशी घेऊन बसलात तरी रविवारी सकाळी तो बांध काही कामाचा नाही. दोन बांधांचा कोपरा मिळाला तर सोनंच.

---

चाफेकळी | बुधवार, रात्री ८:४५

बघितलं. पहाटे ३ पर्यंत नैर्ऋत्य, ५ ला पश्चिम, ७ ला वायव्य. साइटच्या बाईंना फोन केला. त्या हसून म्हणाल्या, वरची समुद्राकडची ओळ मी शनिवारी कुणालाच देणार नाहीये. खालच्या कोपऱ्यात जागा देतायत. रॉक पेग आणि दोन स्प्रिंगवाले पट्टे मागवले.

आता रस्त्याचं सांगा. एम४ मोटरवेवर वाऱ्यात डबा ओढायची भीती वाटते.

---

हेल्मवारा | बुधवार, रात्री ९:३०

मिटलेला ट्रेलर टेंट बुटका असतो, कारव्हॅनसारखी भिंत नसते, त्यामुळे बाजूचा वारा फार त्रास देत नाही. त्रास होतो तो सामान चुकीचं भरल्याने. जड वस्तू चाकांच्या वर, मधोमध. सगळं मागे टाकलं की हिचवरचं (गाडीच्या जोडावरचं) वजन कमी होतं आणि डबा शेपूट हलवायला लागतो. हलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने झुंजू नका, ॲक्सिलरेटरवरून पाय उचला.

ट्रेलर असताना मोटरवेवर ताशी ६० मैल आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० ही कायद्याची मर्यादा. तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. सेव्हर्न नदी ओलांडायला एम४ चा नवा पूल घ्या, त्याला वारा अडवणारे कठडे आहेत. एम४८ चा १९६६ चा जुना पूल जोराच्या वाऱ्यात बंद करतात.

नाव नसलेलं वादळ म्हणजे वादळ नाही, असं समजू नका. २०१५ पासून इथे वादळांना नावं देतात, पण ती अँबर किंवा रेड इशाऱ्याची शक्यता असली तरच. २०२१ च्या जुलैअखेरीस एव्हर्ट वादळ कॉर्नवॉल आणि सिली बेटांवर ऐन सुट्टीत आलं, त्याला नाव होतं. ४५ मैलांच्या झोताला सहसा नाव मिळत नाही. इशारे रस्ते, वीज, झाडं यांचा विचार करून निघतात, तुमच्या ऑनिंगचा नाही.

---

पवनाकाठ | गुरुवार, सकाळी १०:२०

थोडं अवांतर. आम्ही पुण्याचे, पवना धरणाजवळ तंबू लावून राहतो. परवा वळवाच्या पावसाआधी असा वारा आला की तंबू माणसांसकट सरकला. हे अंदाजात दिसत का नाही?

---

नाखवा | गुरुवार, सकाळी ११:००

वळवाचं गणित वेगळं. ढगातून पाऊस कोसळताना गार हवा खाली आपटते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तो लोट पावसाच्या आधी पोचतो. 'विजांसह पावसाची शक्यता' एवढंच अंदाजात येतं, तुमच्या काठावर नेमका केव्हा ते नाही. मे महिन्यात दुपारनंतर काळा ढग वाढताना दिसला आणि वारा एकदम पडून गार झुळूक आली, तर तंबूचे दोर बघायची वेळ नव्हे, गाडीत बसायची वेळ. विजा असतात म्हणूनही. इथल्या आघाडीच्या वाऱ्याला बारा तास आधी माहिती असते, ही इथली चैन.

---

शेवगा | गुरुवार, सकाळी ११:१५

हॉटेलवाला पक्ष दिवसेंदिवस भक्कम होतोय.

---

ओलीसुकी | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

सगळे पेग-दोर सांगतायत, एक गोष्ट मी सांगते. वारा-पावसात लोक स्टोव्ह आत घेतात. गरम चहा हवा, बाहेर ज्योत टिकत नाही, आणि सगळ्या झिप बंद. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बार्बेक्यू तर विझल्यासारखा दिसला तरी आत आणायचा नाही, ऑनिंगमध्येही नाही. अलार्म घेऊन जा आणि थर्मास भरून ठेवा. सासूबाई आहेत, त्यांना मध्यरात्री चहा लागणार हे गृहीत धरा.

आणि झोपताना गाडीची किल्ली, प्रत्येकाचे बूट, एक टॉर्च दाराशी. गाडीची मागची सीट रिकामी. मुलं कंटाळली किंवा घाबरली तर सरळ गाडीत झोपवायची, त्यात हार-जीत काही नाही.

---

चाफेकळी | शनिवार, दुपारी १:३०

पोचलो काल संध्याकाळी. जागा दोन बांधांच्या कोपऱ्यात, वर काटेरी झुडपं. डब्याची पाठ नैर्ऋत्येला, दार ईशान्येला. गाडी वायव्येकडे लावलीय, तेवढाच पहाटेचा आडोसा. शेजाऱ्यांपासून सहा मीटर सोडायला लागतात, तेवढी जागा आरामात होती.

जमीन अगदी डाइकवरच्या बंडूंनी सांगितली तशी. वीतभर माती आणि खाली खडक. जुना पेग ठोकला तर इंग्रजी एल झाला. रॉक पेग कधी सरळ जातो, कधी दगडाला लागून टणकन उलटा येतो. मग चार बोटं सरकवून पुन्हा. चाकांना ठोकळे लावले. कोपऱ्यांचे पाय फक्त टेकवलेत, त्यावर डबा उचलला नाही.

ऑनिंग काल संध्याकाळी लावलं होतं, वारा नव्हता, मुलं त्यात जेवली. आज सकाळी ११ ला काढलं. नवरा नाराज. 'अजून तर झुळूकही नाही' म्हणाला. सासूबाईंनी त्याला पोल धरायला लावले आणि स्वतः कापडाची घडी घातली. घडी घालताना त्यांनी एक बघून ठेवलं: एका कोपऱ्याच्या रिंगेची शिवण अर्धी उसवलीय. दाभण माझ्याकडे नव्हतं, साइटच्या बाईंकडे होतं. आता मेणाच्या दोऱ्याने शिवत बसल्यात.

समोरच्या रांगेत एकांनी गझीबो तसाच ठेवलाय. छप्पर आणि चार पाय.

---

नाखवा | शनिवार, दुपारी १:५५

छान केलंत. झालर आणि वाऱ्याकडच्या झिप अंधार पडण्याआधी बघा. खिडक्यांची बाहेरची झाकणं बंद. आतून वारा भरला तर कापड फुगतं आणि दुप्पट ताण येतो.

गझीबोवाल्यांना जाऊन सांगा. वाईट वाटू दे.

---

चाफेकळी | शनिवार, दुपारी ३:१०

नवरा सांगून आला. 'गेल्या वर्षी पण टिकला होता' म्हणाले.

---

कोकणचो_झील | शनिवार, दुपारी ३:१२

🍿

---

चाफेकळी | रविवार, सकाळी ९:२०

सगळे ठीक आहोत. सविस्तर लिहिते, कारण मला असं सविस्तर कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

संध्याकाळी सातपासून वारा वाढला. बांधामागे खरंच शांत होतं, पण डोक्यावरून सतत मालगाडी चालल्यासारखा आवाज. कापडाच्या माथ्यावर झोत बसायचे, भिंतींवर फारसे नाहीत. दहाला पाऊस सुरू झाला तेव्हा नवरा आणि मी टॉर्च घेऊन फेरी मारली. दोन दोर ढिले झाले होते. सासूबाई आतून दोराला बोट लावून ताण तपासत होत्या, ज्याचा आवाज बद्द येई त्या कोपऱ्याचं नाव घेऊन आम्हाला हाका मारत होत्या. नेमका तो दोर ढिला निघायचा.

मध्यरात्रीनंतर एक पेग सुटला, खडकाला लागून अर्धाच गेला होता तो. शेजारच्या दुसऱ्या दोराने कोपरा धरून ठेवला, म्हणून 'कोपऱ्याला दोन दोर' हे मी आता सगळ्यांना सांगत सुटणार. पावणेपाचला आघाडी आली. पाच-दहा मिनिटं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मग पाऊस बंद, आणि वारा वायव्येचा, थेट पलंगाच्या उघड्या टोकावर. गाडी मधे असल्याने खालची झालर वाचली, पण वरचा अर्धा भाग सकाळपर्यंत आत-बाहेर होत होता. धाकटी गाडीत जाऊन झोपली, थोरला उठलाच नाही.

गझीबो बांधावर आहे. पाय वर. कुणाला लागलं नाही. ऑनिंग तसंच ठेवलेल्या आणखी एका कुटुंबाचा पोल मधोमध वाकलाय, कापड धड आहे.

---

टोकदार | रविवार, सकाळी ९:४५

चला, सुखरूप आहात हे महत्त्वाचं. वाकलेला पोल हवा भरायच्या ऑनिंगला नसता, एवढं नोंदवून ठेवतो.

---

डाइकवरचा_बंडू | रविवार, सकाळी १०:०२

नोंदवा, नोंदवा.

ऑनिंग आज लगेच परत लावू नका. वायव्य वाऱ्यात दुपारी सरी येतात आणि सरीबरोबर झोत. संध्याकाळी पडेल बहुतेक. आणि शिल्लक पेग सगळे हाताने हलवून बघा, रात्रभर हिसके खाल्लेली भोकं मोठी झालेली असतात. पेग काढून हातभर बाजूला ताज्या जमिनीत ठोका.

---

हेल्मवारा | रविवार, सकाळी १०:३०

काकूंना सांगा, आमच्या ईडन खोऱ्यात त्यांची गरज आहे.

---

चाफेकळी | सोमवार, दुपारी ४:००

काल संध्याकाळी खरंच पडला वारा. ऑनिंग लावलं, सासूबाईंनी शिवलेली रिंग पहिली ताणली. आज व्हाइटसँड्सच्या किनाऱ्यावर जाऊन आलो.

शेवटची शंका. उद्या निघायचं आणि सकाळी पाऊस दाखवतोय. कॅनव्हास ओलाच मिटून न्यावा लागणार, त्यात समुद्राचा खार बसलाय. घरी अंगण छोटं, पूर्ण उघडायला जेमतेम जागा. किती दिवस चालेल तसाच?

---

ओलीसुकी | सोमवार, दुपारी ४:२५

दिवस नाहीत, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडा. सुती कापडाला बुरशी फार पटकन लागते आणि काळे ठिपके मग जात नाहीत. पूर्ण उभारायला जमत नसेल तर डबा उघडून नुसता माथा उचला आणि भिंती कुंपणावर लोंबू द्या. रात्री गॅरेजमध्ये दोरीवर.

---

नाखवा | सोमवार, दुपारी ५:१०

खार साध्या पाण्याने धुवा, होजपाइप हलका धरून. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नाही, त्याने पाणी न शोषण्याची प्रक्रिया निघून जाते आणि पुढच्या पावसात गळायला लागतं. मऊ ब्रश चालेल. पोल आतून-बाहेरून पुसा, जोडांत मीठ राहिलं की ॲल्युमिनियम पांढरं पडून अडकतं. झिपांचे दात धुऊन सुकले की मेणबत्ती घासा. पेगांवरची माती काढून ते वेगळ्या पिशवीत, कापडाच्या घडीत नको. आणि सुटलेला तो पेग वाकला असेल तर सरळ करत बसू नका, नवा घ्या.